गरम झाल्यावर बंद पडणारं कार्ब्युरेटरवालं इंजिन

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या आसपास असतो. घरी बांधलेली गाडी तिथल्या लष्कर भागातल्या ट्रॅफिकमध्ये बंद पडते आणि अर्ध्या तासाने मुकाट्याने सुरू होते. लगेच कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलू नका. बंद पडलेली असतानाच तपासा. थंड इंजिनात काहीच सापडत नाही.

आधी करंट. स्पार्क प्लग काढून वायरला लावा, त्याची चूडी (आट्यांचा भाग) इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा (पेट्रोलपासून लांब, हात न लावता) आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर बहुधा ठिणगीचा करंट तयार करणारी कॉइल किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सर तापून दगा देतोय. हौशी गाड्यांत कॉइल हमखास एक्झॉस्टशेजारी बसवलेली असते, ती हलवा.

ठिणगी ठीक? मग एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर ओढा. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची धार दिसली नाही, तर बहुधा पेट्रोलच्या पाइपात किंवा कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ अडकली आहे. पंपावर ओलं फडकं टाका. थोड्या वेळात गाडी सुरू झाली तर निदान पक्कं. पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या, कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचा स्पेसर (उष्णता अडवणारी जाड चकती) घाला.

उलट प्लग ओले निघाले तर पेट्रोल जास्त झालंय: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, वर-खाली न करता सेल्फ मारा.