२८ गिगाहर्ट्झच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमधले दोलन कसे थांबले

६५ नॅनोमीटर सीमॉस या चिप-तंत्रज्ञानात आखलेला माझा डिफरेन्शियल (दोन बाजूंना विरुद्ध फेजचे संकेत घेणारा) पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे संकेताची शक्ती वाढवणारे परिपथ, प्रोब स्टेशनवर (चिपची मोजणी करण्याच्या उपकरणावर) इनपुट नसतानाही दोलन करू लागला, म्हणजे स्वतःहून संकेत निर्माण करू लागला, तेव्हा मी खरोखर हताश झालो. ट्रान्झिस्टरचे गेट (इनपुट) आणि ड्रेन (आउटपुट) यांमधल्या धारितेमुळे आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परततो; हा परिणाम नाहीसा करण्यासाठी मी एकमेकांना छेद देत जोडलेले न्यूट्रलायझेशन कपॅसिटर वापरले होते आणि स्थिरता केवळ डिफरेन्शियल संकेतासाठी तपासली होती. परंतु दोन्ही बाजू एकाच फेजमध्ये असतात तेव्हा हेच कपॅसिटर त्या धारितेत भर घालतात, हे माझ्या नजरेतून निसटले होते. पुढच्या टेप-आउटमध्ये (निर्मितीला पाठवलेल्या चिपच्या पुढच्या आवृत्तीत) इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपला (गुंडाळीच्या मधल्या जोडबिंदूला) गेट बायस, म्हणजे गेटचे स्थिर व्होल्टेज, पुरवणाऱ्या मार्गात मी रेझिस्टर घातला. डिफरेन्शियल संकेताच्या दृष्टीने तो बिंदू आभासी ग्राउंड (जिथे संकेताचे व्होल्टेज शून्य राहते असा) असल्यामुळे गेन (संकेत वाढण्याचे प्रमाण) जवळपास तेवढाच राहिला; एकाच फेजमधल्या संकेताला मात्र रेझिस्टरने क्षीण केले आणि दोलन पूर्णपणे थांबले.