इंदूरात बसून ओहायोचा शिपाई कसा शोधला

भाचा ओहायोत राहतो, त्याच्या घराजवळच्या जुन्या कब्रस्तानात एका दगडावर फक्त नाव, कंपनी आणि रेजिमेंट, त्याने फोटो पाठवला, म्हणाला मामा तुम्हाला वेड आहे ना, काढा याची कुंडली. अमेरिकन यादवीतला साधा युनियन, म्हणजे उत्तरेच्या बाजूचा, शिपाई. कुणाला असंच शोधायचं असेल तर हे घ्या.

आधी रेजिमेंट नीट उतरवा. एका नावाचे ढीगभर निघतात आणि स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर. नॅशनल पार्क सर्व्हिसची शिपायांची यादी ऑनलाइन फुकट आहे, तिथे जुळवा.

युद्ध एप्रिल 1861 ला सुरू झालं, म्हणून त्याआधीचं आयुष्य 1860 च्या जनगणनेत बघायचं, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर अकाउंट काढलं की झालं. वय, कामधंदा, जमिनीची किंमत, घरात कोण कोण. आमचा गडी 19 चा, बापाच्याच शेतावर. त्या पानावरचे शेजारी पण लिहून घ्या, लागतात.

सर्व्हिस रेकॉर्डवर, म्हणजे लष्करातल्या नोंदींवर, फार वेळ घालवू नका, हजर, गैरहजर, आजारी एवढंच असतं. पगार महिना 13 डॉलर, 1864 मध्ये 16 झाला.

खरा माल पेन्शनच्या फाइलीत! आपल्याकडे म्हाताऱ्यांना दर नोव्हेंबरला जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो ना, त्याचाच खडूस आजोबा समजा. 1890 चा कायदा येईपर्यंत दुखणं लष्करातच लागलं हे सिद्ध करावं लागायचं, म्हणजे आधी धडधाकट होतो हेही आलंच, आणि ते कोण सांगणार, तर शेजारी. आमच्या फाइलीत जनगणनेतल्या दोन घरं पलीकडच्याने लिहून दिलंय की हा आधी दिवसभर माझ्याबरोबर गवत कापायचा, परत आल्यापासून दुपारी बसतो. डॉक्टरांच्या फॉर्मवर माणसाची आकृती छापलेली असते, कुठे काय झालंय तिथे खूण करायची. विधवेने अर्ज केला असेल तर लग्नाचा पुरावा मिळतो, काहींनी तर घरच्या बायबलचं पानच फाडून जोडलंय.

फाइली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, थोड्या स्कॅन झाल्यात, बाकीच्यांची कॉपी पैसे भरून मागवायची. अक्षर भयंकर, होळकरांची मोडी वाचणाऱ्यानेही हात टेकावेत, म्हणून एका पानाला एक संध्याकाळ धरा.

आणि फाइल आली की माझ्यासारखं पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी पेन्शन बंद केल्याचा कागद शोधा, छोटासा असतो, त्यावर शेवटची रक्कम आणि मेल्याची तारीख. दगडावर ती नव्हतीच.