गावच्या बारवेसाठी संवर्धन निधी कसा मिळवावा

जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर, ढासळू लागली की गावात पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. निधी देणारे कार्यालय मात्र बारव पाहायला येण्यापूर्वी तिचे कागद पाहते. म्हणून अर्ज लिहिण्याआधीचे दोन-तीन महिने कागदांच्या जुळवाजुळवीला द्यावेत, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात मालकीपासून करावी. बारव शेतजमिनीत असेल तर सातबारा उतारा, आणि गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढावा. जमीन खासगी असल्यास मालकाचे व सर्व हिस्सेदारांचे लेखी संमतिपत्र घ्यावे. देवस्थानाची असल्यास विश्वस्तांचे घ्यावे. एका भावाने होकार दिला आणि दुसऱ्याने काम अडवले, अशी उदाहरणे गावोगावी सापडतात. त्याच वेळी ही वास्तू संरक्षित स्मारक आहे का, याचीही खात्री करावी. राज्याचा 1960 चा आणि केंद्राचा 1958 चा असे दोन स्मारक कायदे आहेत. बारव यांपैकी कोणत्याही कायद्याखाली संरक्षित असेल, तर संबंधित पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवू नये. केंद्रसंरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र बांधकामासाठी प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते, त्यामुळे आपली बारव अशा स्मारकाच्या शेजारी असली तरी हा नियम लागू होतो.

यानंतर नोंद करावी. तोंडाची लांबी-रुंदी, पायऱ्या, कोनाडे, कमानी, उन्हाळ्यातील व पावसाळ्यानंतरची पाण्याची पातळी हे सर्व मोजून साधा आराखडा काढावा. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारामोटेच्या विहिरीवर शिलालेख असल्याने शके 1641 ते 1646 हा तिचा बांधणीचा काळ निश्चित सांगता येतो. बहुतेक गावांच्या नशिबी असा शिलालेख नसतो, तेव्हा काळाबद्दल ठाम विधान न करता वृद्ध गावकऱ्यांच्या आठवणी त्यांच्या शब्दांत टिपून ठेवाव्यात. दगडांच्या फटींत घरटी करणारे पक्षी, वटवाघळे, पाण्यातील मासे व कासवे यांचीही नोंद घ्यावी. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आवश्यक आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. या नोंदवहीत बारवेचा उल्लेख झाला, तर वारसा आणि निसर्ग या दोन्ही अंगांनी अर्जाला आधार मिळतो.

आता अंदाजपत्रक, माझ्या मते सर्वांत जपून करण्याचे काम हेच आहे. मी पाहिलेल्या एका बारवेची दुरुस्ती चांगल्या हेतूने झाली होती, परंतु दगडांमधील सांधे सिमेंटने भरले होते. पूर्वी भिंतीमागच्या मातीतील पाणी चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू झिरपत असे. ती वाट बंद झाल्यावर पावसाळ्यात पाण्याचा दाब भिंतीवर येऊ लागला, आणि पायऱ्यांच्या वरच्या बाजूची भिंत गरोदर बाईच्या पोटासारखी पुढे आली. भिजवून मुरवलेल्या चुन्यात वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळलेला माल मऊ असतो, ओलाव्याला वाट देतो, आणि झिजायचे झाल्यास दगडाऐवजी स्वतः झिजतो. सार्वजनिक बांधकामाच्या नेहमीच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक केले की त्यात सहजच सिमेंटची बाब येते. म्हणून वारसा संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून ते करून घ्यावे आणि ‘चुन्याच्या गाऱ्यात सांधे भरणे’ ही बाब स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. गाळ काढणे, झाडे मुळासकट काढणे, निखळलेले दगड क्रमांक घालून पुन्हा जागी बसवणे यांच्या बाबी वेगळ्या दाखवाव्यात.

हे कागद तयार झाले की ग्रामसभेचा ठराव घ्यावा. ठरावात गट क्रमांक, कामाचे नाव, अंदाजित रक्कम आणि पुढील देखभालीची जबाबदारी कोणाची, हे चारही मुद्दे असावेत. पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चा साधारणपणे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, त्यामुळे ठराव तेव्हाच मांडणे सोयीचे ठरते.

निधीची दारे मुख्यतः तीन आहेत. लहान कामासाठी, म्हणजे गाळ व झुडपे काढण्यासाठी, ग्रामपंचायतीचा विकास आराखडाच पुरेसा असतो. मोठ्या कामासाठी जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव द्यावा. जिल्हा वार्षिक योजनेतील 3 टक्के निधी गड-किल्ले, मंदिरे व महत्त्वाची संरक्षित स्मारके यांच्या संवर्धनासाठी राखण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतलेला आहे. बारव असंरक्षित असेल, तर ती या निकषात बसते का, हे नियोजन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. तिसरे दार कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचे (सीएसआर) आहे. कंपनी कायदा, 2013 नुसार ज्यांचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा अधिक आहे, अशा कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्च करायची असते. त्यासाठीच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंचे पुनरुज्जीवन आणि पर्यावरण रक्षण हे दोन्ही विषय आहेत, शिवाय कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायद्यात म्हटले आहे. तेव्हा दूरच्या नामांकित कंपनीपेक्षा तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याकडे आधी जावे. काम गावातील न्यासामार्फत होणार असेल, तर त्या न्यासाची सीएसआर-1 नोंदणी, प्राप्तिकराच्या 12अ व 80जी खालील नोंदण्या आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव हे सर्व तपासले जाते.

अर्ज दोन पानांचा पुरे. बाकी सर्व परिशिष्टात जावे.

मंजुरीनंतर या निधीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे, झालेले प्रत्येक काम मोजमाप पुस्तिकेत चढवावे, आणि काम सुरू होण्यापूर्वी ज्या जागांवरून छायाचित्रे काढली त्याच जागांवरून दर आठवड्याला ती पुन्हा काढावीत. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही. काम पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळून आणि पाणी खाली गेलेले असताना करावे. शेवटी, पिंपळाची रोपे दर पावसाळ्यानंतर बोटभर असतानाच उपटता यावीत, यासाठी देखभालीची छोटी तरतूद पुढील वर्षाच्या आराखड्यात आत्ताच लिहून ठेवावी.