घरासाठी किती क्षमतेचा जनरेटर घ्यावा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यात विजेचे असंख्य खांब आडवे झाले आणि अनेक गावांना कित्येक दिवस, काही ठिकाणी तर कित्येक आठवडे विजेविना राहावे लागले. अंधार एक वेळ सोसता येतो. पण पंप बंद म्हणजे घरात पाणी नाही. म्हणून विहीर किंवा बोअरवेल असलेल्या घराने जनरेटरचा हिशेब पंपापासूनच सुरू करावा.

प्रथम पंपाची नेमप्लेट पाहावी. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट; मात्र ही मोटरने बाहेर दिलेली शक्ती असते, त्यासाठी ती साधारण १००० वॅट किंवा थोडी अधिक वीज ओढते. खरी मेख पुढे आहे. मोटर सुरू होताना, क्षणभरच का होईना, नेहमीच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त भार येतो, आणि तो पेलवला नाही तर पंप नुसता गुरगुरतो, फिरत नाही. त्यामुळे १ अश्वशक्तीच्या पंपासाठी सुरुवातीचा भार किमान ३००० वॅट धरावा. पंप जुना किंवा सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) असेल, तर हा भार वायरमनकडून क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, मोजून घेणे उत्तम.

मग उरलेल्या उपकरणांची यादी करावी. सहा एलईडी दिवे सुमारे ५५ वॅट, चार साधे पंखे ३००, फ्रिज १५०, टीव्ही १००, मोबाइल चार्जिंग आणि राउटर ४० अशी बेरीज ६५० वॅटच्या आसपास जाते. गीझर, इस्त्री आणि इंडक्शन शेगडी या यादीत घेऊच नयेत. एकटा गीझर २००० वॅट खातो.

आता बेरीज करताना सर्व उपकरणांचा चालू भार घ्यावा आणि त्यात फक्त सर्वांत मोठ्या मोटरचा सुरुवातीचा जादा भार मिळवावा. येथे उपकरणांचे ६५०, पंपाचे चालू १००० आणि त्याच्या सुरुवातीचे जादा २००० (३००० वजा १०००) म्हणजे ३६५० वॅट होतात. जनरेटरची क्षमता बहुधा केव्हीएमध्ये सांगतात, तिला ०.८ ने गुणले की किलोवॅट मिळतात. उलट, या घराच्या ३६५० वॅटला, म्हणजे ३.६५ किलोवॅटला, ०.८ ने भागले की सुमारे ४.६ केव्हीए येतात, म्हणजे ५ केव्हीएचा जनरेटर योग्य ठरेल. पंपाच्या वेळी दिवे सोडून बाकी सारे बंद ठेवण्याची शिस्त घरात पाळली जात असेल, तर ४ केव्हीएवरही भागते, आणि पंपच नसलेल्या घराला २ केव्हीए पुरतात. ‘कमाल’ क्षमता थोडाच वेळ मिळते, म्हणून निवड नेहमी सलग चालण्याच्या, म्हणजे ‘रेटेड’ क्षमतेवरून करावी.

गरजेपेक्षा फार मोठा जनरेटर घेणेही हिताचे नाही, कारण अगदी कमी भारावर दीर्घकाळ चालल्यास इंधन वाया जाते आणि डिझेल इंजिनात काजळी साचते. उंचीवर हवा विरळ असल्याने महाबळेश्वरसारख्या ठिकाणी मात्र क्षमता दहा-पंधरा टक्के वाढवून धरावी.

जोडणी वायरमनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी बाहेरच्या तारा किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, बसवूनच करावी. जनरेटरची वायर थेट प्लगमध्ये खुपसली, तर वीज उलट्या दिशेने बाहेरच्या तारांत शिरते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. जनरेटर खोलीत, पडवीत किंवा खिडकीलगत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. तो घरापासून किमान सहा मीटर दूर, वरून छप्पर पण चारही बाजूंनी उघडा असा ठेवावा.

चाचणी मे महिन्यातच घ्यावी. आधी दिवे, मग फ्रिज आणि सर्वांत शेवटी पंप लावावा. पंप लागताना दिवे क्षणभर मंदावले तर काळजी नाही. ते मंदच राहिले किंवा इंजिन दबून बंद पडू लागले, तर पंप लगेच थांबवावा आणि विक्रेत्याकडे पुढच्या आकाराची मागणी करावी.