घशाची तपासणी: नेहमीचे काय आणि धोक्याचे काय

निफाड परिसरात थंडी वाढली की उपकेंद्रात घसा धरलेल्या मुलांची गर्दी होते आणि घसा पाहणे घाईने उरकले जाते. वास्तविक, जीभ दाबण्याची पट्टी हातात घेण्यापूर्वी परिचारिकेने मुलाकडे नीट पाहणे अत्यावश्यक आहे. मूल पुढे झुकून बसले असेल, लाळ गळत असेल आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल, तर घशात पट्टी अजिबात घालू नये व त्याला आडवेही करू नये. श्वासनलिकेच्या तोंडावरील झडप सुजलेली असल्यास तेवढ्यानेही श्वास कोंडू शकतो. त्याला आईच्या मांडीवरच बसू द्यावे आणि डॉक्टरांना तातडीने बोलवावे.

एरवी पट्टी जिभेच्या मधल्या भागावर टेकवावी, कारण ती फार मागे गेली की रुग्णाला उबळ येते. टॉर्चच्या उजेडात ‘आ’ म्हणायला सांगितल्यावर मऊ टाळू दोन्ही बाजूंनी सारखा उचलला जातो आणि पडजीभ मध्यावर राहते. निरोगी घसा गुलाबी व ओलसर असतो. लहान मुलांचे टॉन्सिल मोठेच असतात, त्यामुळे ताप, लाली किंवा गिळण्याचा, श्वासाचा त्रास नसल्यास नुसत्या आकाराला घाबरू नये.

माझ्या मते रंगाआधी दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे पाहावे. एका टॉन्सिलजवळ फुगवटा, पडजीभ विरुद्ध बाजूला सरकलेली, जबडा उघडत नाही आणि बोलणे तोंडात घास असल्यासारखे दबके, असे चित्र असल्यास पू साठल्याची शंका घ्यावी. टॉन्सिलवरील पांढरे-पिवळे ठिपके विषाणूमुळेही येतात, जिवाणूमुळेही. नुसत्या नजरेने निदान करू नये. मात्र राखाडी, घट्ट चिकटलेला पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो. तो खरवडू नये, कारण त्यातून रक्त येते. रुग्णाला वेगळे ठेवावे, लसीकरणाचे कार्ड पाहावे आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.

मशेरी लावणाऱ्या किंवा गुटखा खाणाऱ्या व्यक्तीचे तोंड स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके उघडते का, तेही पाहावे. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा दुखत नसताना वाढलेला एकच टॉन्सिल दिसल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे.

नोंदीत ‘घसा नॉर्मल’ एवढेच लिहू नये. ‘पडजीभ मध्यावर, दोन्ही टॉन्सिल सारखे, लाली सौम्य, पापुद्रा नाही’ असे लिहिले, तर पुढच्या पाळीतील परिचारिकेला बदल ओळखता येतो.