सोसायटीचा निधी मोजका असताना इमारतीच्या कोणत्या धोक्यावर आधी खर्च करायचा?

सर्वसाधारण सभेत ज्या धोक्याची आठवण ताजी असते, त्यालाच बहुधा पैसा मंजूर होतो. ओढ्याचे पाणी पार्किंगमध्ये शिरले की त्या वर्षी पंप येतात, आणि त्याच पार्किंगमधल्या कॉलमच्या उघड्या पडलेल्या सळया तशाच राहतात. हा क्रम बदलायचा असेल तर कोटेशन मागवण्याआधी थोडी मोजणी करावी लागते.

सुरुवात गच्चीपासून पार्किंगपर्यंतच्या फेरीने करा, तीही भर पावसाळ्यात. ओल कुठे आहे, कॉलमवर सळईच्या रेषेत उभी भेग आहे का, संरक्षक भिंत बाहेर झुकली आहे का, मीटर रूमची जमीन रस्त्यापेक्षा खाली आहे का, जिन्यात सामान रचले आहे का, हे सगळे फोटो आणि तारखेसह लिहून ठेवा. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी हव्यात: हे किती वर्षांतून एकदा घडेल, घडले तर खर्च किती, आणि कुणाच्या जिवावर बेतेल का.

‘किती वर्षांतून’ याचा अंदाज हवेतून काढू नका. नदीकाठी असाल तर पूररेषा पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नेमक्या निळ्या रेषेवर उभ्या इमारतीला दर वर्षी ४ टक्के शक्यता, म्हणजे पुढच्या १५ वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ ऐकून निवांत होणाऱ्यांना हा आकडा जरूर दाखवा. ओढ्याकाठी मात्र नदीच्या पूररेषेवर विसंबून चालत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याचा पूर आला तो ओढ्याच्या पाणलोटात झालेल्या पावसाने. तिथे वॉचमन आणि जुन्या रहिवाशांना विचारून पाणी कोणत्या वर्षी, कोणत्या पायरीपर्यंत आले ते लिहा. भूकंपासाठी आय.एस. १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारतीत हादऱ्याचा ताण तळमजल्याच्या कॉलमवर एकवटतो. म्हणून पार्किंगचे कॉलम यादीत नेहमी वर.

आता यादीचे दोन भाग करा. ज्यात जीव जाऊ शकतो त्या कामांचा नफा-तोटा मांडायचाच नाही. तिथे प्रश्न एवढाच, की पुरेशी सुरक्षितता कोणत्या उपायाने सर्वांत कमी खर्चात मिळेल.

संरक्षक भिंतीचे उदाहरण घ्या. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला. भिंतीमागे ३ मीटर उंचीपर्यंत पाणी तुंबले, तर दर मीटर लांबीला नुसत्या पाण्याचा रेटा साधारण साडेचार टन भरतो. मातीचा रेटा त्याशिवाय. पाणी बाहेर काढणारी भोके बुजली असतील, तर ती साफ करणे किंवा सुमारे एक ते दीड मीटरवर ७५ मिमीचे पाइप नव्याने बसवून मागे खडी आणि जिओटेक्स्टाइलचा (पाणी जाऊ देऊन माती अडवणाऱ्या कापडाचा) थर देणे, हे भिंत नव्याने बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. खडी न भरता नुसते पाइप ठोकले तर दोन पावसाळ्यांत मातीने ते पुन्हा बंद होतात. भिंत आधीच झुकली असेल तर भोकांनी भागणार नाही. पायथ्याशी माणसांचा वावर त्याच दिवशी थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

दुसरे काम गंजलेल्या कॉलमचे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीटचे कव्हर, म्हणजे सळईवरचा थर, आतून फुटते. त्यावर प्लास्टर मारून रंग दिला की भेग झाकली जाते, गंज आत चालूच राहतो. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये फक्त रिबाउंड हॅमरचे (पृष्ठभागाचा कडकपणा मोजणाऱ्या हातोड्याचे) आकडे स्वीकारू नका. कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कता गमावलेला पृष्ठभाग कडक होतो आणि आकडा फसवा, चांगला येतो. सोबत अल्ट्रासोनिक चाचणी (ध्वनिलहरींनी आतल्या पोकळ्या, भेगा शोधणारी), फिनॉल्फथॅलिनची फवारणी (गुलाबी झाले तर काँक्रीटची अल्कता टिकून आहे) आणि शंकास्पद ठिकाणी हाफ-सेल चाचणी (सळईचे विद्युत विभव मोजून गंजाचा अंदाज देणारी) मागा. कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली वाचन आले तर गंज सुरू असल्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचे असते. आणि दुरुस्तीआधी गळती बंद करा. बाथरूमची ओल तशीच ठेवून मायक्रो-काँक्रीट भरणे म्हणजे तोच खर्च पुन्हा करणे.

आगीबाबत जिना आणि गच्चीचा दरवाजा मोकळा ठेवायला पैसे लागत नाहीत. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. त्या दिवशी हायड्रंटला प्रत्यक्ष पाणी सोडून दाब बघा.

उरलेल्या, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीच्या कामांना हिशेब लावा. समजा, दर पाच वर्षांतून एकदा पार्किंगमध्ये पाणी शिरते आणि पॅनेल, पंप, लिफ्ट मिळून ५ लाखांचे नुकसान होते. म्हणजे वर्षाला सरासरी १ लाख.

पहिला पर्याय: मीटर पॅनेल आणि पंपाचे स्टार्टर पाण्याच्या जुन्या खुणेच्या वर नेणे, खर्च ३ लाख. दर वेळचे नुकसान दीड लाखावर येते, वर्षाची बचत ७० हजार. दुसरा पर्याय: पूररोधक भिंत, गेट आणि पंप, खर्च ९ लाख, देखभाल वर्षाला २५ हजार. दर वेळचे नुकसान ५० हजारांवर येते, देखभाल वजा जाता बचत ६५ हजार.

निधी ठेवीत राहिला असता तर ७ टक्के व्याज मिळाले असते असे धरा. मग १५ वर्षे दरसाल मिळणाऱ्या १ रुपयाची आजची किंमत ९.११ रुपये. पहिल्या पर्यायाची बचत आजच्या किमतीत ६.३८ लाख, खर्चाच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्याची ५.९२ लाख, खर्च मात्र ९ लाख. महागाई धरलेली नाही, म्हणून हा हिशेब मुद्दाम कडक आहे.

आता अंदाज चुकला तर काय, ते तपासा. पाणी दहा वर्षांतून एकदाच आले तरी पहिल्या पर्यायाची बचत ३.१९ लाख होते आणि तो तगतो. अशी कामे आधी घ्या. त्यानंतरचा उपाय उरलेल्या नुकसानीवरच मोजा, मूळ ५ लाखांवर नाही. ड्रेनेज चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह २५ हजारांत बसतो आणि साफसफाई वजा जाता वर्षाला ९ हजार वाचवतो असे धरले, तर आजच्या किमतीत ८२ हजार, तोही घ्यावा. मात्र मेमध्ये त्याची झडप साफ केली नाही तर कचरा अडकून ती उघडीच राहते आणि चेंबरचे पाणी उलटे आत येते.

मीटर हलवायला महावितरणची परवानगी आणि परवानाधारक वीज कंत्राटदार लागतो, त्यामुळे अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. कॉलमची कामे जानेवारी ते मे, त्यातही क्युरिंगला (नवे काँक्रीट ओले ठेवायला) टँकर लागेल का ते कोटेशनमध्येच लिहून घ्या. बिल सळयांवर लेप दिल्याचा, कव्हर भरल्याचा आणि शेवटचा असे टप्प्याटप्प्याचे फोटो जोडल्याशिवाय मंजूर करू नका, आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवा.