रंकाळ्याच्या काठावर शिकलेली लाट

कोल्हापुरात राहून तैलरंगात समुद्र रंगवायचा, तर समुद्रच इथं नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची म्हणजे साधारण १३० किलोमीटर. म्हणून सुरुवातीला मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून लाटा काढल्या. नितळ निळं पाणी, वर पांढराशुभ्र फेस. तिसरा कॅनव्हास माझ्या चित्रकलेच्या सरांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "फेस लई झालाय. लाट कुठं हाय ह्यात?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रंकाळा तलावावर बोलावलं.

तिथं त्यांनी एकच गोष्ट दाखवली. काठावर उभं राहून पायाशी सरळ खाली बघितलं की पाण्याच्या आतलं दिसतं, शेवाळी आणि गडद. नजर लांब गेली की आतलं दिसेनासं होतं आणि पाण्यावर आभाळ उतरतं. आता लाट आठवा. फुटण्याआधी ती भिंतीसारखी उभी राहते, म्हणजे तिच्या पोटात आपण जवळजवळ सरळ बघत असतो. म्हणून पोट गडद हिरवं आणि तिच्यापुढचं सपाट पाणी आभाळाच्या रंगाचं. हे उमजलं त्या आठवड्यात माझी लाट पहिल्यांदा उभी राहिली. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा पुन्हा पुन्हा का रंगवली असेल, तेही तेव्हा थोडं कळलं.

त्यानंतर किनाऱ्यावर जा, पण वेळ साधून. आपला कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं, लाट चपटी दिसते. दुपारी चारनंतर सूर्य लाटेच्या मागे जातो. शिखराजवळ पाण्याचा थर पातळ असतो, तिथून उजेड आरपार येतो आणि पोपटी पट्टा क्षणभर पेटतो. गणपतीपुळ्याला मी दोन तास फक्त तो पट्टा बघत बसलो होतो.

त्या पट्ट्यासाठी व्हिरिडियन या निळसर हिरव्या रंगामध्ये लेमन यलो आणि यलो ऑकरचा स्पर्श. टायटॅनियम व्हाइट तिथं शक्यतो नकोच. तो अपारदर्शक आहे, पट्टा खडूसारखा होतो. पोटासाठी अल्ट्रामरीन हा गडद निळा, व्हिरिडियन आणि रॉ अंबर हा मातकट तपकिरी. अंबर मला अत्यावश्यक वाटतो, कारण आपल्या किनाऱ्याशी लाट वाळू आणि गाळ उचलून येते. त्या व्हिडिओतला निळा रंग पुळ्याच्या चित्रात खोटा दिसतो.

फेस तर पांढरा नसतोच. संध्याकाळी त्याची आपल्याकडची बाजू सावलीत असते, जांभळट करडी. अल्ट्रामरीन, चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा असं मिश्रण करा. शुद्ध पांढरा सगळ्यात शेवटी, ऊन थेट लागतं तेवढ्याच ठिकाणी. फेसाची जाळी लाटेच्या अंगावरून चढते, निऱ्यांवरची नक्षी घडीबरोबर वळावी तशी. जवळची भोकं मोठी, लांबची बारीक आणि चेपलेली.

थरांचं भान ठेवा. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वर जाल तसं जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढं चित्राला भेगा पडतात. जुलै-ऑगस्टच्या आपल्या दमट हवेत रंग वाळायला फार वेळ लागतो. मी घाईनं ओल्यावरच दुसरा रंग चढवला आणि एक चांगली लाट मातकट झाली. खिडक्या उघड्या ठेवा. आणि तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या तापतात, आपोआप पेटू शकतात. दोरीवर सुट्या पसरून वाळवा.

पहिला महिना मात्र फक्त रॉ अंबर आणि पांढरा घ्या. आठ बाय दहा इंचाच्या बोर्डावर एकच उभी लाट, फेसाशिवाय. अशा दहा-बारा झाल्या की त्यातल्या दोन-तीन खरंच उभ्या राहिलेल्या असतात. त्या पूर्ण वाळू द्या आणि हिरवा त्यांच्यावर चढवा.